आठवीचा वर्ग, ५८ मुलं, एक पेटी: संगीताचा तास मुलांच्या हातात कसा द्यावा?

समेवर

नमस्कार मंडळी. हायस्कूलला संगीत शिकवतो. आठवीच्या एका तुकडीत ५८ मुलं-मुली आहेत आणि आठवड्याला ३५ मिनिटांचे दोन तास मिळतात. साहित्य म्हणजे एक पेटी, तबल्या-डग्ग्याची एक जोडी, एक ढोलकी आणि टाळांचे चार जोड.

सध्याची पद्धत सगळीकडे असते तीच. मी ओळ म्हणतो, वर्ग मागून म्हणतो. मुलींचा आवाज येतो. मुलगे सातवीपर्यंत मोकळेपणाने गात होते, आता नुसते ओठ हलवतात. स्पर्धा आली की त्याच सात-आठ मुली पुढे येतात. उरलेले पन्नास जण वर्षभर श्रोते असतात, हे मला मनापासून पटत नाही. प्रत्येक प्रशिक्षणात ‘विद्यार्थिकेंद्री अध्यापन’ ऐकायला मिळतं. पण गट पाडले की गोंगाट होतो, शेजारच्या वर्गातून निरोप येतो आणि पुढच्या तासाला गाडी पुन्हा ‘माझ्या मागून म्हणा’वर येते.

तर नेमकं विचारतो. मुलग्यांना गातं करायचं तर पट्टी (म्हणजे गाण्याचा सा) कोणती घ्यावी? गटाला असं कोणतं काम द्यावं, ज्यातून खरोखर संगीत तयार होईल? नोंदी कशा ठेवाव्यात? आणि २६ जानेवारीच्या समूहगीतात सगळा वर्ग कसा घ्यावा?

---

काळी_एक

सर, गट नंतर करा. आधी पट्टीचं बघा, कारण मुलगे गप्प बसण्याचं कारण बहुतेक वेळा तिथेच असतं.

आठवीत मुलांचं वय तेरा-चौदा. या सुमारास मुलग्यांचे स्वरतंतू लांब आणि जाड होतात. आवाज शेवटी साधारण एक सप्तक खाली जाऊन स्थिरावतो, पण मधल्या काही महिन्यांत गळ्यात जेमतेम पाच-सहा स्वर उरतात आणि तेही अधूनमधून फाटतात. मुलींच्याही आवाजात या वयात हवा जास्त येते, मात्र व्याप्ती फारशी आक्रसत नाही.

आता वर्ग काळी चारमध्ये, म्हणजे पेटीवरच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी सा धरून, गातोय असं समजा. मुली आरामात गातील. ज्याचा आवाज फुटून झाला आहे, त्याला मुलींचा मध्य सा गाठता येतो, पण पंचमाच्या पुढे गळा आवळतो. खालच्या सप्तकात गायला गेला तर सुरुवातीचा षड्जच इतका खर्जात जातो की गाणं त्यावर उभं राहत नाही. म्हणजे त्या पट्टीत त्या मुलाला उभं राहायला जागाच नसते. तो ओठ हलवतो, यात आळस नाही.

मिश्र वर्गासाठी काळी एक घ्या, फार तर काळी दोन. मुली मधल्या काळी एकवर सा धरतील, फुटलेल्या आवाजाचे मुलगे तोच सा एक सप्तक खाली धरतील. दोघांनाही आपापल्या मंद्र (खालच्या) पंचमापासून तार (वरच्या) षड्जापर्यंत गाता येतं. ज्यांचा आवाज सध्या फुटतोय ते मुलींच्याच सप्तकात राहतील आणि मंद्र प ते मध्य म एवढ्या भागात चालतील. त्याच्या वरची ओळ आली की त्यांनी सा धरून ठेवायचा. हे काम दुय्यम नाही, सा हलला तर वर्गच हलतो. गाणं निवडतानाही आधी व्याप्ती तपासा. ज्या गाण्याचा अंतरा तार गंधार-पंचमात फिरतो ते गाणं आठवीसाठी घेऊ नये, ते कितीही सुंदर असलं तरी.

आवाज तपासायला एक सोपी रीत आहे. पाच-पाच मुलांना पेटीजवळ बोलवा आणि नेहमीच्या आवाजात वीसपासून उलटे आकडे म्हणायला सांगा. वीस, एकोणीस, अठरा… बोलता बोलता आवाज ज्या पट्टीवर टेकतो ती पट्टी पेटीवर शोधा. गाता येणारा सर्वांत खालचा स्वर त्याच्याखाली साधारण तीन-चार पट्ट्यांवर असतो, काळ्या-पांढऱ्या दोन्ही धरून. तिथून ‘आ’कारात वर चढवा आणि ताण दिसला की थांबा. मान पुढे येते, हनुवटी उचलली जाते, तोच ताण. खालचा आणि वरचा स्वर नावापुढे लिहा. एका मुलाला एक मिनिट धरलं तरी दोन तासांत वर्ग होतो. मुलांनी स्वतःची व्याप्ती स्वतःच्या वहीत लिहावी आणि दर दोन महिन्यांनी पुन्हा तपासावी. आपला आवाज बिघडलेला नाही, सरकतोय, हे मुलाला त्या आकड्यांतून दिसतं आणि तो पुन्हा तोंड उघडतो.

राष्ट्रगीतातही हे रोज ऐकू येतं. शेवटच्या ‘जय हे, जय हे’ला चाल तार षड्जावर जाते आणि नेमके तिथेच मुलगे गळतात. राष्ट्रगीताची चाल आणि सुमारे ५२ सेकंदांची वेळ ठरलेली आहे, त्यात प्रयोग नकोत. पण सुरुवातीचा सा कोणता द्यायचा हे आपल्या हातात आहे. परिपाठाला पेटी नसेल तर एका विद्यार्थ्याला सूरपेटी किंवा तंबोऱ्याचं ॲप देऊन सा द्यायची जबाबदारी सोपवा.

---

भजनी_ठेका

वरचं शंभर टक्के. पट्टी जमली की गटाचं काम जमतं.

गटांना ‘एखादं गाणं बसवा’ असं सांगितलं की गोंगाटच होणार, कारण काम मोठं आणि हद्द नाही. काम लहान द्या आणि नियम घट्ट ठेवा. निर्णय मात्र खरोखर मुलांचे असू द्या.

एक काम सविस्तर देतो. पाठ्यपुस्तकातला मोठ्या छंदातला कुठलाही अभंग घ्या, म्हणजे ६-६-६-४ अक्षरांचा. त्याच्या एका कडव्याला भूप रागाच्या पाच स्वरांत, सा रे ग प ध मध्ये, गटाने स्वतः चाल लावायची. ठेका केरवा: धा गे ना ती । ना क धी ना. सहा अक्षरांचा चरण सहा मात्रांवर बसतो. सातवी-आठवी मात्रा मोकळी ठेवायची किंवा शेवटचं अक्षर लांबवायचं. चौथ्या चरणात चार अक्षरं, मग चार मात्रा मोकळ्या. एक चरण म्हणजे एक आवर्तन (ठेक्याचा आठ मात्रांचा एक फेरा), कडवं चार आवर्तनांत संपतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणांच्या शेवटी यमक असतं, म्हणून ते दोन्ही एकाच स्वरावर संपवायचे, गंधारावर किंवा पंचमावर, गट ठरवेल. चौथा चरण षड्जावर. बाकी चाल त्यांची.

एवढ्या चौकटीत कुणाचीच चाल अगदी बेसूर होत नाही. भूपात मध्यम-निषाद नाहीत, त्यामुळे लगतच्या अर्ध्या स्वरात घसरायला जागा नसते. आणि सात गटांच्या सात चाली खरंच वेगळ्या निघतात.

५८ मुलांचे सात गट करा, पाच गट आठ जणांचे आणि दोन नऊंचे. प्रत्येक गटात वरच्या तपासणीप्रमाणे तिन्ही प्रकारचे आवाज यावेत. मैत्रीवर गट पाडू दिलेत तर सगळ्या गाणाऱ्या मुली एकाच गटात जातात. कामं वाटून द्या: दोघं सा धरणारे, एक ठेका धरणारा (बाकावर बोटांनी किंवा तोंडाने बोल), एक स्वर लिहिणारा, एक फक्त ऐकणारा, बाकीचे चाल शोधणारे. दर तासाला कामं फिरली पाहिजेत, नाहीतर एकच मूल चाल करतं आणि सात जण बघत बसतात. ‘याला गाता येत नाही, याला टाळ द्या’ ही सवयही मोडा. टाळ ही शिक्षा नाही, आणि टाळ धरणाऱ्याला ताल सर्वांत पक्का लागतो.

वेळ अशी वाटा: पहिली ५ मिनिटं सगळ्यांनी मिळून सा आणि पलटे (ठरावीक क्रमाने चढणारे-उतरणारे स्वरांचे तुकडे), १५ मिनिटं गटकाम, १२ मिनिटांत दोन गटांचं सादरीकरण आणि त्यावर बोलणं, शेवटची ३ मिनिटं वहीत स्वर लिहायला. चार तासांत सातही गट ऐकून होतात.

गोंगाटाचं म्हणाल तर सातही गट एकदम गात नाहीत. चार गट गातील, तीन गट कागदावर काम करतील: मात्रांचे आठ-आठ चौकोन आखून अक्षरं भरणं, हातावर ताल देऊन मनात म्हणणं. पुढच्या तासाला उलट. गाणाऱ्या चार गटांपैकी दोन व्हरांड्याच्या टोकांना बसवा. टाळ गटकामात नको, तो सादरीकरणात.

बिघडतं कुठे ते सांगतो. चौथ्या चरणानंतरच्या चार मोकळ्या मात्रा मुलं खातात, दोनच मात्रा थांबतात आणि पुढचं कडवं सातव्या मात्रेवरच सुरू होतं. शांततेत मात्रा मोजणं सगळ्यात अवघड. तिथे ‘ना क धी ना’ हे बोल सगळ्या गटाने तोंडाने म्हणायचे, सम (आवर्तनाची पहिली मात्रा) आपोआप सापडते. दुसरी अडचण लयीची: पहिल्या कडव्याला जी लय धरली ती तिसऱ्याला टिकत नाही, पळते. ‘हळू, हळू’ ओरडून उपयोग नाही. मेट्रोनोम (ठरावीक गतीने टिकटिक करणारं यंत्र किंवा ॲप) मिनिटाला ऐंशीवर लावा, दोन आवर्तनं ऐकू द्या, आवाज बंद करा, गट गात राहू द्या आणि कडवं संपल्यावर पुन्हा सुरू करा. किती पुढे गेलो ते मुलांना स्वतःला कळतं. तिसरी गोष्ट, काही गट ऐकलेल्या गाण्याचीच चाल आणतील. पहिल्या फेरीत आणू द्या. दुसऱ्या फेरीत ‘दुसऱ्या चरणाचा शेवट बदला’ एवढंच सांगा.

आणि एखाद्या गटाला मध्यम आवडला, ते सोडायलाच तयार नाहीत? फार छान. त्यांना गंधार काढायला सांगा. सा रे म प ध, म्हणजे दुर्गाचे स्वर. रागाचं नाव आणि माहिती तेव्हा सांगा. आधी कानाला लागलेलं, मग नाव, अशा क्रमाने शिकलेलं पक्कं राहतं.

---

तालीम

थोडा विरोधी सूर लावतो. विद्यार्थिकेंद्री म्हणजे शिक्षकाने बाजूला बसणं असा अर्थ काढून अनेक ठिकाणी तालीमच बंद झाली आहे. अनुकरण हा आपल्या संगीताचा पाया आहे. षड्ज नेमका लावणं, श्वास, शब्दोच्चार आणि समेवर येणं या चार गोष्टी मतदानाने ठरत नाहीत. त्या शिक्षकाने कानावर घालाव्या लागतात, रोज, सात-आठ मिनिटं तरी.

पण अनुकरण करून घेण्याची आपली रीत सुधारायला हवी, हे मान्य. दोन सवयी ताबडतोब सोडा.

पहिली म्हणजे मुलांबरोबर सतत गाणं. शिक्षक गात असला की त्याला स्वतःचाच आवाज ऐकू येतो, वर्ग ऐकू येत नाही. ओळ दोनदा म्हणून दाखवा, मग पूर्ण गप्प राहा आणि बाकांच्या मधून फिरा. तिसऱ्या बाकावरचा मुलगा ध ऐवजी कोमल नी लावतो हे तेव्हाच कळतं.

दुसरी, पेटीवर पूर्ण चाल वाजवत राहणं. पेटी चालीचा एकेक स्वर देत असली की मुलं पेटीच्या मागून जातात, स्वर आतून लावत नाहीत. पेटी थांबली की सगळं कोसळतं. चाल एकदा वाजवून दाखवली की नुसते सा आणि प दाबून ठेवा. पहिले दोन आठवडे आवाज लहान येईल, गाणं उघडं पडल्यासारखं वाटेल. धीर धरा. आधार काढल्याशिवाय कान तयार होत नाही.

पलट्यांतही मुलांना वाव आहे. भूपात सारेग, रेगप, गपध, पधसां एवढा तुम्ही द्या. मग विचारा, चार-चार स्वरांचा कसा होईल? सारेगप, रेगपध, गपधसां हे मुलं स्वतः काढतात. अवरोही, म्हणजे उतरता, त्यांनी करायचा. एका मुलाने नवा पलटा मांडायचा आणि वर्गाने म्हणायचा. मग ‘माझ्या मागून म्हणा’ हे वाक्य विद्यार्थ्याच्या तोंडी येतं. मला यात खरी विद्यार्थिकेंद्री तालीम दिसते. मुलाने मांडलेला पलटा चुकला तर लगेच दुरुस्त करू नका. वर्गाला म्हणू द्या, अडखळेल तिथे मुलं स्वतःच थांबतात.

---

समेवर

खूप नेमकं मिळालं, सगळ्यांचे आभार. काळी एकचा मुद्दा तर डोक्यातच आला नव्हता, आमचं सगळं काळी चारमध्ये चालतं. नोंदी आणि २६ जानेवारीबद्दल कुणी लिहील का? आणि पट्टी बदलली तर तबल्याचं काय करू? आमचा तबला काळी एकमध्ये लागतो.

---

नोंदवही

आठवीपर्यंत कलेला आकारिक मूल्यमापनच (वर्गातल्या निरीक्षणावरचं) आहे, त्यामुळे लेखी परीक्षेचं ओझं नाही. अडचण नोंदींच्या शब्दांत असते. ‘आवाज गोड आहे’, ‘गायनाची आवड आहे’ या नोंदी मुलाला काहीच सांगत नाहीत, आणि ज्याचा आवाज फुटतोय त्याच्यावर अन्याय करतात. जे दिसतं-ऐकू येतं ते लिहा: ‘तंबोरा बंद केल्यावरही सा टिकवतो’, ‘मोकळ्या मात्रा मोजून समेवर येते’, ‘गटाच्या चालीत दुसऱ्या चरणाचा शेवट सुचवला’, ‘स्वर लिहिताना मात्रांचे चौकोन बरोबर भरतो’, ‘दुसऱ्या गटाची लय पळाली ती जागा ओळखली’. गाणाऱ्या, ठेका धरणाऱ्या, लिहिणाऱ्या सगळ्यांना यात जागा आहे.

एका तासाला एकाच गटाच्या नोंदी करा, म्हणजे आठ-नऊ मुलं. साडेतीन आठवड्यांत वर्ग पूर्ण होतो. ५८ जणांकडे एकदम लक्ष देऊ पाहाल तर कुणाकडेच जाणार नाही.

सादरीकरणानंतरच्या बोलण्यालाही शिस्त लावा. ‘छान झालं’ चालणार नाही, जागा सांगायची: कोणता चरण, कोणती मात्रा, काय झालं. तुमच्या फोनवर ध्वनिमुद्रण करून एकदाच ऐकवा. पहिलं त्या गटाने बोलायचं, मग वर्गाने, तुम्ही सर्वांत शेवटी. तुम्ही आधी बोललात की बाकीचे तुमचंच वाक्य फिरवून म्हणतात.

२६ जानेवारीसाठी सहा आठवडे हातात ठेवा. गाणं निवडताना तीन गाणी तुम्ही आणा, काळी एकमध्ये मंद्र प ते तार सा या व्याप्तीत बसणारी. मुलं तिन्हींची ध्रुवपदं एकेक तास गाऊन बघतील आणि मग निवडतील. न गाता मत दिलं तर सिनेमातलं ओळखीचं गाणं जिंकतं. त्यानंतरचे निर्णय गटांना द्या. लय किती, कोणता अंतरा फक्त मुलग्यांनी खालच्या सप्तकात म्हणायचा, तबला कुठे थांबवायचा आणि शेवटची ओळ किती वेळा, एवढे निर्णय पुरेसे आहेत. प्रत्येक प्रस्ताव गाऊन बघायचा, मग ठरवायचं. चौथ्या आठवड्यानंतर बदल बंद.

उभं करताना फुटत्या आवाजाची मुलं मागच्या रांगेत लपवू नका. त्यांना मधे, पेटीजवळ घ्या. सा कानाशी असला की ती टिकतात. दोनच माइक असतील तर पहिल्या रांगेच्या डोक्याच्या थोडे वर, थोड्या अंतरावर लावा. एखाद्या मुलीच्या तोंडाशी माइक गेला की ५८ जणांचं समूहगान एकटीचं होतं.

---

काळी_एक

तबल्याचं सांगते. काळी एकमध्ये गायचं तर तुमचा तबला षड्जातच आहे, काहीच करायचं नाही. उलट आतापर्यंत काळी चारमध्ये गाताना तो तुमच्या मध्यमात वाजत होता. मध्यम असलेल्या गाण्यात ते चालून जातं, भूपात मात्र खटकतं, कारण तिथे मध्यमच नाही. भूप काळी एकमध्येच करा.

स्वर थोडा उतरला असेल तर गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या विणलेल्या गोफावर) वरून हातोडी मारून चढवा. चढला असेल तर गजऱ्याला खालून मारा. एकाच घरावर (वाद्यांमधल्या गजऱ्याच्या एका भागावर) ठोकत बसू नका. एक घर, मग समोरचं, मग शेजारची, अशी सोळाही घरं एकसारखी बोलायला हवीत. स्वर फारच उतरला असेल तरच वाद्यांखालचे लाकडी गट्टे खाली सरकवा. शाईवर (मधल्या काळ्या गोलावर) हातोडी लागता कामा नये. एक-दोन मुलांना हे शिकवा, कान लावून तबला जुळवणं हाही मोठा स्वराभ्यास आहे.

तंबोऱ्याचं ॲप वापरणार असाल तर एक काळजी घ्या. जुनी पेटी बहुधा प्रमाण स्वरापासून थोडी सरकलेली असते. ॲप काळी एकवर लावलं आणि पेटीचा सा दाबला की ‘वाँव-वाँव’ अशा लहरी ऐकू येतात. ॲपमधला बारीक स्वर हळूहळू हलवा. लहरी संथ होत थांबल्या की जुळलं. तो आकडा पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवा. फोनच्या छोट्या स्पीकरला काळी एकचा खर्ज पेलत नाही, फक्त वरचा सा आणि पंचम ऐकू येतात. आणि मुलग्यांना नेमका तो खालचा सा हवा असतो. म्हणून बाहेरचा स्पीकर जोडा आणि तो वर्गाच्या मागच्या बाजूला ठेवा, मुलगे बसतात तिकडे.